शनी मीनेत गेला म्हणजे नेमका कुठे गेला?

काजूगर | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

मंडळी, धागा थोडा घरगुती आहे, आधीच सांगून ठेवतो.

गुहागरच्या बाजूला आमचं घर. घराला लागून धाकटा भाऊ पर्यटकांसाठी दोन खोल्या काढतोय. जानेवारीत चिरे येऊन पडले, शिमग्याच्या आधी जोत्यापर्यंत काम आलं, आणि २९ मार्चला शनी मीनेत गेला. आईची रास मेष. जागा तिच्या नावावर. तालुक्याच्या गावातल्या एका ज्योतिषांनी तिला सांगितलं की साडेसाती लागली, ती २०३२ च्या मे अखेरीपर्यंत आहे, शांती केल्याशिवाय भिंत उभी करू नका. शांतीचे अकरा हजार. आईने पैसे दिले नाहीत, तेवढी ती भोळी नाही. पण कामही पुढे जाऊ दिलं नाही. पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. चिऱ्यांवर हिरवं शेवाळ चढलंय. भाऊ माझ्याशी फोनवर तासभर बोलतो, आईशी 'हो', 'नाही' एवढंच.

'थोतांड आहे' हे उत्तर कृपया नको. ते मी आईला देऊन झालंय. तिने ऐकून घेतलं, ताटात आणखी एक घावन वाढलं आणि विषय बदलला.

मला विचारायचंय ते असं: २९ मार्चला आकाशात काय घडलं? शनीने काही ओलांडलं का? मी त्या रात्री अंगणात उभा असतो तर मला काय दिसलं असतं? आणि दुसरं, शुक्र सूर्यावरून गेला तेव्हाही बातम्यांत 'ट्रान्झिट' म्हणत होते आणि राशीभविष्यवालेही 'ट्रान्झिट' म्हणतात. हे दोन्ही एकच का?

---

तर्कट | ९ नोव्हेंबर, रात्री ११.०२

थोतांड आहे.

---

काजूगर | ९ नोव्हेंबर, रात्री ११.०५

आभारी आहे.

---

नभांगणी | १० नोव्हेंबर, सकाळी ६.१५

शाळेला निघण्याआधी लिहितेय, त्यामुळे थोडं तुटक होईल.

२९ मार्चला तुम्ही रात्रभर अंगणात उभे राहिला असतात तरी शनी दिसला नसता. १२ मार्चला तो सूर्याच्या पलीकडे, जवळजवळ त्याच रेषेत होता. २९ ला तो पहाटे सूर्याच्या थोडाच आधी उगवत होता, आणि त्या उजेडात तो हरवून गेलेला. म्हणजे ज्या दिवसाने तुमचं काम थांबलं त्या दिवशी शनी अख्ख्या कोकणात कोणाच्याही डोळ्यांना दिसलेला नाही.

ओलांडलं काय, तर एक आकडा. सूर्य वर्षभरात ज्या वाटेने फिरताना दिसतो ते क्रांतिवृत्त. त्याचे ३६० अंश, त्यांचे तीस-तीसचे बारा वाटे म्हणजे राशी. ही हद्द सातबाऱ्यावर आहे, जागेवर गडगा नाही. आकाशात बघून 'इथे कुंभ संपली' असं दाखवता येत नाही, गणितानेच सांगावं लागतं. गंमत म्हणजे आज रात्री शनी बघाल तर पंचांगात तो मीनेत आहे आणि खगोलशास्त्राच्या तारकासमूहांच्या नकाशात कुंभेच्या हद्दीत. कोणी खोटं बोलत नाहीये. मोजणीदार दोन आहेत.

साडेसातीचा आकडा मात्र आभाळातून आलाय, तो हवेतला नाही. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींना वाटली तर एका राशीला अडीच वर्षांच्या जरा आत. जन्मराशीच्या आधीची रास, जन्मरास आणि पुढची, तीन मिळून साडेसात. गणित चोख आहे. पण त्याच गणिताने कुठल्याही वेळी बारातल्या तीन राशी साडेसातीत असतात, म्हणजे चारातला एक माणूस. गुहागर-चिपळूण यष्टीत चाळीस जण बसले असतील तर त्यातले दहा, आणि कंडक्टर-ड्रायव्हर वेगळे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. राशीतून ग्रहाचं जाणं ते गोचर. अधिक्रमण वेगळं: बुध किंवा शुक्र आपल्या आणि सूर्याच्या बरोबर मधून जातो तेव्हा त्याचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकतो. ते डोळ्यांना दिसतं, अर्थात सुरक्षित फिल्टर लावून. शनी आपल्या बाहेरच्या कक्षेत आहे, त्यामुळे तो सूर्यावरून कधीही जाऊ शकत नाही. इंग्रजीने दोघांना एकच शब्द दिला म्हणून तुमचा घोटाळा झाला, मराठीत तो व्हायचं कारण नव्हतं.

घंटा होईल, पळते.

---

सुरंगी | १० नोव्हेंबर, सकाळी ९.३०

सातबारा आणि गडगा! बाई, हे मी उद्या भावकीत वापरणार आहे.

---

नाना_उपाध्ये | १० नोव्हेंबर, दुपारी १.२०

काजूगर, मी भिक्षुकी करणारा माणूस, रत्नागिरीकडचा. माझ्या प्रतिसादावर तर्कट काय म्हणणार ते मला ठाऊक आहे, तरी लिहितो.

पहिलं म्हणजे नुसती रास विचारून 'लागली' म्हणणं हे आमच्याच शास्त्रात बसत नाही. मूळ पत्रिकेत शनी कुठे आहे, दशा कोणाची चालू आहे, अष्टकवर्गात, म्हणजे राशींना गुण देण्याच्या हिशोबात, मीनेला काय मिळालंय, हे बघितल्यावाचून गोचरीच्या शनीवर बोलू नये. चार आण्याची माहिती घेऊन अकरा हजारांचा सल्ला द्यायचा, याला आम्ही वेगळा शब्द वापरतो, तो इथे लिहीत नाही.

दुसरं, मला एक सांगा. तुमच्याकडे गणपती कुठल्या पंचांगाने बसतो?

---

काजूगर | १० नोव्हेंबर, दुपारी १.४५

टिळक पंचांग, नाना. आजोबांपासून. मी शाळेत असताना एकदा आमचा गणपती बाकी वाडीच्या महिनाभर आधी येऊन गेला होता. आरतीला आम्ही घरचे पाच आणि शेजारचे तिघे, तेही मोदकांसाठी. पण त्याचा इथे काय संबंध?

---

नाना_उपाध्ये | १० नोव्हेंबर, दुपारी २.१०

सगळा संबंध त्यातच आहे. नभांगणी बाईंनी दोन मोजणीदार म्हटलं. पंचांगांतसुद्धा दोन मोजणीदार आहेत. राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची? बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरतात, तो चित्रापक्ष. केरो लक्ष्मण छत्रे, जन्म अलिबागजवळच्या नागावचा, यांनी रेवतीतल्या एका ताऱ्यापासून मोजलं. पुढे त्यांचे शिष्य लोकमान्य, आपल्या रत्नागिरीचे, त्यांच्या नावाचं पंचांग त्याच मार्गाने चालतं. दोन आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचं अंतर. म्हणून संक्रांती चार दिवस आधी पडतात, म्हणून एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा येतो, म्हणून तुमचा गणपती महिनाभर आधी आला.

आता शनी चार अंश चालायला किती दिवस घेतो ते बाईंना विचारा.

---

नभांगणी | १० नोव्हेंबर, सायंकाळी ५.५०

नाना, तुम्ही माझ्या वर्गात असतात तर मॉनिटर केलं असतं.

मार्चच्या सुमारास शनी दिवसाला सव्वासात कलांच्या आसपास सरकत होता. एका अंशात साठ कला. चार अंशांना तेहतीस दिवस. म्हणजे टिळक पंचांगाच्या मोजणीने शनी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच मीनेत गेला होता.

एवढ्यावर भागत नाही. पाश्चात्त्य ज्योतिषी संपातबिंदूपासून, म्हणजे मार्चात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो तिथून, मोजतात, त्यांची रास सध्या आपल्या चित्रापक्षापेक्षा चोवीस अंशांनी पुढे आहे. त्यांचा शनी २५ मेला मीन सोडून चक्क मेषेत गेला, मग वक्री होऊन सप्टेंबरात परत मीनेत आला. आणि पुदुच्चेरीच्या कारैकल भागात तिरुनळ्ळारच्या शनिमंदिरात जुनं वाक्य पंचांग चालतं, तिथे हा पालट २०२६ मध्ये आहे. ग्रह एक, तारखा चार, आणि प्रत्येक ठिकाणी तेल वाहणारे आपापल्या दिवशी रांगेत.

---

काजूगर | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६.०५

थांबा थांबा. जोत्याचं काम मार्चच्या पहिल्या आठवड्यात झालं. म्हणजे घरच्या पंचांगाने जोतं बांधलं तेच शनी मीनेत असताना?

---

नाना_उपाध्ये | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

मी तेवढंच म्हणत होतो. जोत्याला भेग गेलीय का?

---

काजूगर | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६.३२

नाही. पावसाळाभर त्यावर कुत्रा झोपला.

---

तर्कट | १० नोव्हेंबर, रात्री ८.००

म्हणजे चुकीच्या गोष्टीतली चूक दाखवून बरोबर ठरवताय. चारही तारखा निरर्थक आहेत हे सरळ सांगा ना आईंना.

---

काजूगर | १० नोव्हेंबर, रात्री ८.२०

तर्कट, तुमचं पटतं मला. पण घरात खोली बांधायचीय, वाद जिंकायचा नाहीये.

---

मिरगाचो_कोंबडो | १० नोव्हेंबर, रात्री ९.४५

आमच्याकडे गोचर-बिचर कोण म्हणत नाय. मिरग म्हणतत. सूर्य मृगात गेलो की मिरग लागलो, आणि मिरग लागलो की कोंबडो-वडे. शनीचा कोणाक पडलेला नसता, पावसाचा पडलेला असता. ह्या वर्षी मात्र गजालच वेगळी. २५ मेक पाऊस देवगडात हजर! रोहिणी लागता लागताच. बेडूक बोंबलाक लागले आणि कोंबडो अजून जितो.

---

नभांगणी | १० नोव्हेंबर, रात्री १०.१०

कोंबडो, हे बोललात ते मुद्द्याचं. कोकणात सगळ्यात जास्त मानलं जाणारं गोचर शनीचं नाही, सूर्याचं आहे. रोहिणी २५ मे, मृग ७-८ जून, आर्द्रा २२ जून, पुढे तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, सासूंचा, सुनांचा, हस्ताचा. ही सगळी सूर्याची नक्षत्रांतून चाल आहे, आणि लावणीचं वेळापत्रक त्यावर बसवलेलं. फक्त एक खोट आहे. नक्षत्रांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं, त्यामुळे सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. मकरसंक्रांत १८६३ साली १२ जानेवारीला होती, आता १४-१५ ला येते. मिरगही असाच हळूहळू पावसापासून दूर चाललाय. तुमचा यंदाचा कोंबडा वाचला तो मात्र त्यामुळे नव्हे, पाऊसच दोन आठवडे लवकर आला म्हणून.

---

सुरंगी | ११ नोव्हेंबर, सकाळी १०.५५

मिरगावरून आठवलं. ८ जून २००४, शुक्राचं अधिक्रमण. मी तेव्हा सातवीत गेले होते, आजोळी देवगडला. आदल्या दिवशी मिरग म्हणून घरात कोंबडा झालेला आणि दुसऱ्या दिवशी मामा म्हणे, शुक्र सूर्याला तीट लावणार आहे. सकाळी पावणेअकरापासून संध्याकाळी पावणेपाचपर्यंत. ढग यायचे-जायचे.

आजोळचं घर कौलारू. माजघरात दुपारी कौलांच्या फटींतून कवडसे पडायचे, सारवलेल्या जमिनीवर गोल गोल रुपये मांडल्यासारखे. मागे खंडग्रास ग्रहणात ते सगळे रुपये चंद्रकोरी झालेले मी पाहिले होते. म्हणून मी जमिनीवर पालथी पडून एकेक कवडसा तपासत बसले, कुठे काळा ठिपका दिसतो का. अर्धा तास. नाकाला शेणाचा वास, पाठीवर आजीचा धपाटा. काही दिसलं नाही. शेवटी मामाने दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य पाडला, आणि त्यावर हा एवढा, मोहरीएवढा, स्वच्छ काळा गोल. डाग वाटतच नव्हता. पुठ्ठा हलवला तरी तो सूर्याबरोबरच हलायचा.

कवडशात का नाही दिसला हे मला अजून कळलेलं नाही.

---

नभांगणी | ११ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

सुरंगी, कौल चार मीटर उंच धरलं तर खाली पडणारं सूर्याचं चित्र पावणेचार सेंटीमीटरच्या आसपास. शुक्राचा ठिपका सूर्याच्या बत्तिसाव्या भागाएवढा, म्हणजे तुमच्या रुपयावर जेमतेम सव्वा मिलिमीटर. कौलातली फट त्याहून मोठी, मग ती त्या ठिपक्याला पुसून टाकते. ग्रहणात चंद्र मोठा लचका तोडतो म्हणून कोर दिसते. तुमचा प्रयोग बरोबर होता, फट चुकीची होती.

आणि तारखेचं बघा. सूर्य ७ जूनच्या रात्री मृगात गेला आणि दुसऱ्या दिवशी शुक्र त्याच्यावरून गेला. २०१२ चं अधिक्रमण ६ जूनला, सूर्य रोहिणीच्या शेवटाला. हा योगायोग नाही. शुक्राची कक्षा आपल्या कक्षेशी ३.४ अंशांनी कललेली आहे. दोन कक्षा एकमेकींना दोनच जागी छेदतात. चंद्राच्या कक्षेचे असेच दोन छेद म्हणजे आपले राहू-केतू. शुक्राचा एक छेद सूर्य जूनच्या पहिल्या आठवड्यात गाठतो, म्हणजे मिरगाच्या तोंडावर, दुसरा डिसेंबरात, ज्येष्ठा नक्षत्रात. त्या चार-दोन दिवसांत शुक्र मध्ये आला तरच अधिक्रमण. म्हणून ते आठ वर्षांनी, मग शंभरच्या वर वर्षांनी, मग परत आठ वर्षांनी, अशा विचित्र पावलांनी येतं. १८७४, १८८२, २००४, २०१२. पुढचं आपल्याकडच्या तारखेने ११ डिसेंबर २११७.

जूनमधलं अधिक्रमण आणि कोकणातलं आभाळ यांचं जमणं कठीणच. डिसेंबरात ढगांची भीती नाही, पण तेव्हा आपण कोणी नाही.

---

खाडीपलीकडचा | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ७.१५

ढगांवरून, गियोम ल जाँतील नावाच्या फ्रेंच माणसाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १७६० साली शुक्राचं अधिक्रमण बघायला पाँडिचेरीला निघाला. पोचेपर्यंत पाँडिचेरी इंग्रजांनी घेतलेली. ६ जून १७६१ ला हा भर समुद्रात. आभाळ निरभ्र, पण हलत्या जहाजावरून मोजमाप कसलं घेणार? म्हणाला, आठ वर्षांनी परत आहेच, थांबतो. थांबला! १७६९ ला पाँडिचेरीत वेधशाळा उभारून तयार बसला, आणि नेमक्या त्या सकाळी ढग. फ्रान्सला परत गेला तो १७७१ साली, तोवर त्याला मेला समजून नातेवाइकांनी इस्टेट वाटायला घेतलेली.

---

नाना_उपाध्ये | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ७.४०

या गृहस्थाची पत्रिका मला बघायला आवडेल.

अवांतर: अधिक्रमणाच्या दिवशी आमच्या पंचांगात शुक्राचा अस्त असतो आणि तो वक्रीही असतो. आम्ही त्या दिवसांत लग्नाचे मुहूर्त देत नाही. तुम्ही ज्याला बघायला पुठ्ठे घेऊन धावता, त्याला आम्ही 'शुक्र अस्त, विवाह वर्ज्य' एवढ्या चार शब्दांत उरकतो.

---

खाडीपलीकडचा | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ७.५५

आणखी एक कोकणी अभिमानाची गोष्ट: १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला. 'साहेबाचे कट्टे' अजून आहेत तिथे.

---

दर्यावर्दी | ११ नोव्हेंबर, रात्री ९.२५

कट्टे आहेत, साहेबही खरा, साल चुकलं. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर भारतात नव्हताच. तेव्हा गुंटूरला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहण नसताना सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला, आणि त्यातल्या पिवळ्या रेघेवरून पुढे हेलियम हे नाव आलं. विजयदुर्गात तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, नौदलाचं जहाज आणि खलाशी मदतीला घेऊन. तोवर रॅमसेने १८९५ मध्ये पृथ्वीवरही हेलियम सापडवला होता. दर ऑगस्टला त्या किल्ल्यावर कार्यक्रम होतो, चांगला होतो, मी जाऊन आलोय. फक्त फलकावरचं बघून मला दरवेळी खोकला येतो.

अभिमानच बाळगायचा तर मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा बाळगा. गणेश दैवज्ञाने तिथे शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव लिहिलं. ज्या-कोटिज्यांची, म्हणजे साइन-कोसाइनची, कोष्टकं न वापरता, नुसत्या गुणाकार-भागाकाराने ग्रह कुठे आहे ते काढायची युक्ती. पुढे कित्येक पिढ्या पंचांगं त्यावर चालली. समुद्राच्या वाऱ्यात बसून धूळपाटीवर शनी मोजणारा माणूस, हे चित्र मला फार आवडतं.

मी जहाजावर तीस वर्षं काढली, म्हणून 'ट्रान्झिट'चा तिसरा अर्थ सांगतो. आकाशातली एखादी ज्योत, तारा म्हणा की चंद्र, आपल्या बरोबर उत्तर-दक्षिण रेषेवर येते, दिवसातली सगळ्यात उंच, ते याम्योत्तर लंघन. आमचं सगळं काम त्यावर. आणि कोळ्याचंही. चंद्र याम्योत्तर ओलांडतो त्या हिशोबाने भरती येते, रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. म्हणून आपल्याकडे तिथीची पाऊणपट करतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, भरती सहाच्या सुमारास. पुनवेला सव्वाअकरा. घड्याळाशी पाव-अर्धा तास इकडे-तिकडे होतो, पण जाळं टाकायला पुरतं. हे एक गोचर असं आहे की ते तुमच्या होडीला खरोखर हात लावून उचलतं. शनीचा ओढा त्यापुढे मोजण्यातही येत नाही.

वक्री म्हणजे शनी मागे फिरला असं काजूगरांच्या आईंना कोणी सांगितलं असेल तर तेही सांगा: जयगडच्या दीपगृहासमोरून दोन होड्या एकाच दिशेने चालल्यात. आपली जलद, पलीकडची संथ. आपण तिला मागे टाकतो तेव्हा ती दिव्याच्या पार्श्वभूमीवर मागे सरकताना दिसते. तिच्यावरचा तांडेल मात्र पुढेच चाललाय. पृथ्वी दरवर्षी एकदा शनीला असं मागे टाकते.

---

काजूगर | १२ नोव्हेंबर, रात्री १०.००

सगळं वाचलं, दोनदा. आईला फोनवर टिळक पंचांगाचं सांगितलं. तिने 'बघू' म्हटलं. तिचं 'बघू' म्हणजे नकार नव्हे, पण होकारही नव्हे. मग म्हणाली, "एवढं सगळे शनी-शनी करतात, कोणी बघितलाय का तो?"

---

नभांगणी | १२ नोव्हेंबर, रात्री १०.२०

मग दाखवूया. शाळेची दुर्बीण मी शनिवार-रविवार घरी आणू शकते, चिपळूणहून गुहागर काय लांब आहे! २९ नोव्हेंबर, शनिवार. चंद्र शनीच्या अगदी शेजारी असेल, शोधत बसायला नको. आठच्या सुमारास तो याम्योत्तरावर, दक्षिणेला डोक्याच्या जरा खाली. एक सूचना: यंदा कडी आपल्याला जवळजवळ धारेवरून दिसतायत. पंधराएक वर्षांनी एकदा असं होतं, आणि नोव्हेंबरच्या शेवटी तर कलणं अर्ध्या अंशाहून कमी आहे. पुस्तकातल्यासारखा टोपी घातलेला शनी मिळणार नाही.

---

नाना_उपाध्ये | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.००

बाई, चंद्र-शनी युतीला आम्ही विषयोग म्हणतो. आणि तुम्ही नेमका तोच दिवस काढलात. असो. त्या दिवशी नवमी आहे, बघायला काहीच दोष नाही. मलाही बोलावलं असतं तर आलो असतो.

---

काजूगर | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.०४

नाना, या ना. जेवायलाच या.

---

काजूगर | ३० नोव्हेंबर, दुपारी १२.१५

वृत्तांत.

नाना आले नाहीत, गुडघा. नभांगणी बाई सहाला आल्या, मागच्या सीटवर दुर्बीण, चादरीत गुंडाळलेली, पट्टा लावून. नवाची पाऊणपट पावणेसात. बरोबर तेव्हाच भरती लागली होती, पण भांगाची, लाट सुरूंच्या बरीच अलीकडे थांबलेली. वाळूत तिकाटणं रुतेल म्हणून बाई सपाट, कडक जागा शोधत होत्या. अंगण उताराचं. शेवटी जोत्यावर मांडली.

आई शनिवारचं मारुतीला तेल घालून आली होती. पदर खोचून जोत्यावर चढली. भावाने प्लास्टिकची खुर्ची दिली, ती तिने बाजूला केली. डोळा लावला. बराच वेळ काही बोलली नाही. बाईंनी सांगितलं, हा उजेड सव्वा तासापूर्वी निघालाय. आई म्हणाली, "म्हणजे हा मी मारुतीला गेले तेव्हाचा." मग म्हणाली, "कडं कुठंय?" बाईंनी सांगितलं, मधून आरपार गेलेली बारीक रेघ दिसते का बघा. पुन्हा डोळा लावला. "सुईत मणी ओवल्यासारखा आहे. आणि थरथरतोय कशाला?" हवेमुळे, बाई म्हणाल्या. "एवढासाच आहे," आई म्हणाली, मला वाटतं जरा निराश होऊन.

मग तिने चंद्र मागितला. चंद्रावर ती वीस मिनिटं होती. खड्ड्यांच्या कडा, उजेड-काळोखाची हद्द. भावाला बोलावून "हे बघ, हे बघ" करत त्याच्या मानेला धरून वाकवलं. मार्चपासूनची मी पाहिलेली त्यांच्यातली सगळ्यात लांब बोलाचाली.

जेवताना बाईंनी सांगितलं की १३ नोव्हेंबर २०३२ ला बुधाचं अधिक्रमण आहे, दुपारी बारा वाजून गेल्यावर सुरू होऊन साडेचारच्या पुढे संपतं, आणि पूर्ण इथून दिसेल. इथून दिसलेलं मागचं, ९ मे २०१६ चं, अर्धवटच होतं, सूर्य बुधाला घेऊनच समुद्रात बुडाला होता. आईने बोटांवर मोजलं. २०३२. "तेव्हा माझी साडेसाती पण संपलेली असेल," म्हणाली. "तेव्हा या, बाई. राहायलाच या."

भावाने विचारलं, "राहायला कुठे?"

आईने माशाचा काटा काढला, ताटाच्या कडेला ठेवला. म्हणाली, "आधी ते चिरे घासून घ्या तारेच्या ब्रशने. शेवाळावर सिमेंट धरत नाही."

गवंड्याला आज सकाळी फोन केला. तो म्हणतो, पुढचे पंधरा दिवस दुसरीकडे अडकलोय.

---

मिरगाचो_कोंबडो | ३० नोव्हेंबर, दुपारी १२.४०

खोली झाली की सांग. भाडा किती घेतलस?